खात नाही, लावते

सरू,

उद्या विहारात तुझं पुण्यानुमोदन आहे. चार माणसं माईकवर बोलतील. तू शांत होतीस म्हणतील, कुणाला कधी उलटून बोलली नाहीस म्हणतील. मी सतरंजीवर बसून ऐकेन आणि तोंडाला पदर लावेन, कारण विहारात हसलेलं बरं दिसत नाही. म्हणून जे आहे ते आजच लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंत, तुझी तेवढीही नाही. तू असतीस तर हे मीच तुला वाचून दाखवलं असतं आणि तू मध्येच म्हणाली असतीस, "असं कधी झालं गं आक्का? काय पण लिवतेस."

तू बदलापूरला गेलीस, तुझ्या धाकट्या विजयच्या घरी, दुपारचं जेवण झाल्यावर. छातीत कळ आली, पाणी मागितलंस आणि पाणी येईपर्यंत संपलीस. निरोप आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सगळी निवडून झाल्यावर उठले. सून म्हणाली, "आई, राहू द्या की ती भाजी." तिला काय सांगणार? उठले असते तर तू गेलीस हे खरं झालं असतं.

मी रडले नाही. तुझ्या सुनेच्या बहिणी माझ्याकडे बघत होत्या, ही कसली जाऊ म्हणून. बघू देत. मला रडायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. अजून रडू आलेलं नाही. दुसरंच काहीतरी होतंय. सकाळी उठले की कान भिंतीकडे जातो. तू बुवापाडा सोडून बदलापूरला गेलीस त्याला कितीतरी वर्षं झाली, तुझ्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आहे, माणसं चांगली आहेत. पण तू जिवंत होतीस तोवर कान जात नव्हता. आता जातो.

ती भिंत तरी कसली. तुझी खोली आणि माझी खोली पाठीला पाठ लावून, मध्ये अर्ध्या विटेचा आडोसा, तोही वर पत्र्यापर्यंत पोचलाच नाही. तुझ्याकडे मिरचीची फोडणी बसली की मी खोकायचे. माझ्याकडे रात्री भांडण झालं की सकाळी तू नळावर निवाडा द्यायचीस. आपले नवरे सख्खे भाऊ, दोघेही रंगाच्या कारखान्यात, एकाच पाळीला. घरी आले की आधी बिडी, मग पाणी, मग चहा, मग परत बिडी. एकाची विझली की दुसऱ्याची पेटायची. धूर वरच्या फटीतून ह्या खोलीतून त्या खोलीत जायचा. विजय तेव्हा रांगत होता. थंडी पडली की त्याची छाती मांजरासारखी घुरघुर वाजायची. आपण कारखान्याच्या वासाला दोष दिला, नाल्याला दिला, तू त्याला केळं चारलंस म्हणून मी तुला दिला. बिडीचं नाव कुणी घेतलं नाही. बिडी घरातलीच, चटईसारखी. तिच्याकडे कोण बघतं?

मग नंदाचं झालं.

नंदा तुझी थोरली. तिला उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये दिली होती. जावई मोहन, एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात कटिंगला. एकच खोली, खिडकीसुद्धा एकच, तो आणि त्याचा भाऊ दोघेही सिगरेट ओढणारे. सातव्या महिन्यात नंदाचं मूल गेलं. मुलगा होता. तू दवाखान्यात होतीस आणि तुझी बाकीची पोरं माझ्याकडे होती. तू परत आलीस ती हातात पिशवी घेऊन, माझ्याकडून विजयला कडेवर घेतलंस आणि चप्पल न काढता सरळ आत गेलीस. तुझा नवरा दामू बसला होता बिडी ओढत. त्याच्या तोंडातली बिडी काढलीस आणि मोरीत टाकलीस. मी आडोशापलीकडून सगळं ऐकलं.

"अगं, येडी झालीस का काय?"

"धूर पोटातल्या पोराला जातो. डाक्तरीण म्हणाली."

"मग? हितं कोण पोटुशी हाय?"

"पोटात नसंल तर मांडीवर हाय. हा बघ, घुरघुरतोय. घे कानाजवळ."

दामूने खिशातून दुसरी काढली आणि बाहेर गेला. तुला वाटलं जिंकलीस. पण खरी पंचाईत पुढेच होती. धूर तर माझ्या बाजूनेही येत होता, आणि माझे मालक तुझे थोरले दीर. जन्मात तू त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हतास, तोंड उघडणं तर लांबच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटवली तशी तू आडोशापलीकडून माझ्याशी बोलायला लागलीस, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"आक्का, मी कुणाला काय बोलत नाय बरं का. मी आपली ह्या विटांना सांगते. विटांनो, वरच्या फटीतनं जे येतंय ते माझ्या पोराच्या छातीत बसतंय."

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी तांदूळ निवडत होते, मान वर केली नाही.

"विटांनो, थोरल्या माणसाला बोलायची माझी काय छाती? पण गल्लीच्या तोंडाशी दगुडं हायत, तितं सावली बी हाय, वारा बी हाय."

"तुझी जाऊ कुणाला बोलतीय?" मालकांनी मला विचारलं.

"विटांना," मी म्हटलं.

तीन-चार दिवस तू विटांशी बोललीस. मग मालक उठले आणि आपलं आसन घेऊन दगडांकडे गेले. तिथे दामू होताच. हळूहळू गल्लीतले आणखी पुरुष जमायला लागले, कारण एकट्याने ओढण्यात त्यांना मजा नव्हती. त्या दगडांना लोक पुढे सरूचं कोर्ट म्हणायचे. तुला ते नाव आवडायचं, नको नको म्हणायचीस तरी. विजयची छाती त्या थंडीत कमी वाजली. बिडीमुळेच कमी वाजली का, मला ठाऊक नाही. पण कमी वाजली.

मोहनला मात्र विटा पुरल्या नाहीत. नंदाला परत दिवस गेले तसं तू मला घेऊन कॅम्प पाचला गेलीस. तो खिडकीशी उभा होता, सिगरेट बोटात. जावई म्हणून तू आधी चहा घेतलास, खुशाली विचारलीस. मग सुरू केलंस.

"मामी, मी खिडकीत तोंड करून ओढतो," तो म्हणाला.

"तोंड खिडकीत हाय, धूर खोलीत हाय. असं कर, तू उलटा उभा ऱ्हा."

"आमचा शेठ गल्ल्यावर बसून दिवसभर ओढतो. त्याची पोरं बघा कशी गोलमटोल. एकदम टाइट."

"शेठचं घर चार खोल्यांचं हाय. त्याचा धूर हिंडतो. तुझ्या धुराला जायला जागा कुटं हाय? तिच्या पोटातच जाणार."

मोहन हसायला लागला, मग हसायचा थांबला. त्याने खाली जाऊन ओढायचं कबूल केलं. भाऊ मात्र कबूल करेना. म्हणाला, "घर माझं पण आहे ना." मग तू पाचव्या महिन्यातच नंदाला उचलून बुवापाड्याला आणलीस. सासरची माणसं कुरकुरली, पहिलं तर नाही, मग एवढ्या लवकर माहेरी कशाला? तू म्हणालीस, हवापालट.

आणि सरू, हे सगळं चालू असताना रोज सकाळी तू काय करायचीस? शेगडी पेटवायचीस, तिच्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचीस आणि तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायचीस. मशेरीचा तो वास. घशात काटा जावा तसा जायचा. गल्लीतल्या बायका आपापली पानं घेऊन तुझ्याकडे यायच्या, कारण तुझ्यासारखी भाजणी कुणाला जमायची नाही, जळायची नाही आणि कच्ची राहायची नाही. मग सगळ्या पायरीवर ओळीने बसायच्या, पहिलं बोट तोंडात घालून, गटाराकडे तोंड करून. तिथे कुणाची सासू कशी आणि कुणाच्या पोरीचं काय, सगळं ठरायचं. मीही बसायचे. माझे दात गेले तेव्हा सोडली. हिरड्यांना लावून काय करू? अक्कल आली म्हणून सोडली नाही, उगीच मोठेपणा कशाला घेऊ.

पण दात गेल्यावर नाक राहिलं होतं. मी तुला म्हणायचे, "पुरुषांना दगडावर बसवलंस आणि तुझी शेगडी काय उदबत्ती आहे का?"

"बिडी येगळी, मशेरी येगळी."

"पाचवं शील म्हणतेस ना विहारात? नशा करणार नाही म्हणून?"

"ही काय नशा हाय? मी काय झिंगून पडते गटारात? दात घासायचं हाय ते."

"अर्धा तास दात घासतात?"

"तुझे घासले असतेस अर्धा तास तर पडले नसते."

ह्या भांडणात तू नेहमी जिंकायचीस, कारण दातांवर आलं की माझं तोंड बंद व्हायचं.

नंदा माहेरी आली आणि तीही पायरीवर बसायला लागली. तिला मळमळ फार. मशेरी लावली की मळमळ थांबते, पोट साफ होतं, असं तीही म्हणायची, तूही म्हणायचीस, आपल्या आयांनीही म्हटलं होतं. दवाखान्यात दाखवायला नेलं की डॉक्टरीणबाई पोटाला टेप लावायच्या आणि कपाळाला आठी घालायच्या. बाळ वाढत नाही म्हणायच्या. तू तिला अंडी खाऊ घातलीस, शेंगदाण्याची चिक्की, लिव्हर, कुणी सांगितलं ते. पायरीवरच्या बायका म्हणायच्या, "बारकं असलेलं बरं गं, लवकर सुटंल."  आत आलीस की मला विचारायचीस, "आक्का, धूर तर नाय आता. मग काय कमी पडतंय?"

त्यानंतरच्या फेरीला मी तुमच्याबरोबर होते, म्हणून पुढचं खात्रीने सांगते. जाडजूड, वयस्कर सिस्टर होत्या, मराठीच. नंदाला नेहमीचे प्रश्न विचारत होत्या.

"तंबाखू खातेस?"

"नाही."

"बिडी, सिगरेट?"

"नाही."

तू मध्ये पडलीस. "अहो सिस्टर, बिडीवाल्यांना मी घराच्या बाहेर काढलंय. ह्यांना इचारा, माझ्या जाऊबाई. आमच्या गल्लीत पुरुष माणूस घरात बसून ओढून दाखवू द्या." असं म्हणून तू हात नाचवलास. सिस्टरनी तो हात धरला.

"मावशी, हे बोट काळं कशानं?"

"मशेरीनं."

"मग तंबाखू नाही कसं म्हणता?"

"मी कुटं खाते? मी लावते."

"आणि ही?"

"ही बी लावते. दात घासायला नकोत?"

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. नंदाला विचारलं, किती वेळा? नंदा म्हणाली, सकाळी. मग म्हणाली, दुपारी पण. मग खाली बघून म्हणाली, मळमळलं की.

"अगं बाई, ती काय चुलीतली राख आहे? तंबाखूच आहे ना ती? हिरडीतून रक्तात जाते, रक्तातून बाळाला. बाळ वाढेल कसं? आणि भाजताना धूर कोण खातं? घरातली पोरंच ना?"

तू उभी राहिलीस. मला वाटलं आता सिस्टरशी भांडणार. पण तुझा आवाज अगदी बारीक निघाला.

"तुमी लोकांनी दर वेळी इचारलं, खाते का, ओढते का. लावते का, असं कुणी इचारलंच नाय."

सिस्टरनी पेन परत उचललं. त्यांचीही चूक नव्हती आणि तुझीही नव्हती. त्यांनी विचारलं त्याचं खरं उत्तर तुम्ही मायलेकींनी दिलं होतं. आपल्यात पान खातात, बिडी ओढतात, दारू पितात, आणि मशेरी लावतात, जसं कुंकू लावतात, काजळ लावतात. लावलेली वस्तू पोटात जाते असं कुणाच्या मनात येईल?

येताना तू रिक्षात बसली नाहीस. नंदाला रिक्षात बसवलंस आणि आपण दोघी चालत आलो. तू अवाक्षर काढलं नाहीस. तुझं गप्प बसणं मी त्या आधी कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे मला कसं वागायचं ते कळेना. शेवटी मी म्हटलं, "पायात चप्पल उलटसुलट घातलीयेस." तू बघितलंस. घातली नव्हती. "मर मेली," म्हणालीस, आणि मला बरं वाटलं.

सकाळी बायका पानं घेऊन आल्या.

"आज शेगडी नाय पेटली?"

"आज नाय आणि उद्या बी नाय."

"मग आमी काय मातीनं घासायचे?"

"मिठानं घासा."

"गं बाई! आधी बाप्ये हाकलले, आता आमाला हाकलते. हिला दवाखान्यात नोकरी लागली का काय?"

तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस. पण मी तुझ्या बाजूला होते, मला दिसत होतं. त्यांच्या पुड्यांवरून तुझी नजर हलत नव्हती.

नंतरचे दिवस वाईट गेले. नंदाचं डोकं दुखायचं, कपाळाला फडकं बांधून पडायची. पोट साफ होत नाही म्हणून रडायची. दुपारी तुझा डोळा लागला की आडोशापलीकडून हाक यायची, हळू आवाजात.

"मोठी आई, तुझ्याकडं असंल ना गं चिमूटभर?"

"माझ्याकडं दात नाहीत, मशेरी कुठली?"

ती हसायची आणि हसता हसता रडायची. तूही काही कमी नव्हतीस. भात मऊ झाला म्हणून दामूवर ताट आपटलंस. दामू माझ्याकडे येऊन म्हणाला, "वहिनी, आमचीच बिडी सुटली असती तर बरं झालं असतं, ही सुटताना बघवत नाय." तू नंदाला सांगितलं होतंस, तुझी सुटेल त्या दिवशी माझीपण सुटेल, तुझी नाही सुटली तर मी परत शेगडी पेटवीन. आईला वाचवायला पोरगी थांबली आणि पोरीला वाचवायला आई. मी दोघींसाठी भाकऱ्या करत होते आणि दोघींच्या शिव्या खात होते. अधूनमधून तुझ्या तोंडाचा वास घ्यायचे.

"काय कुत्र्यागत हुंगतेस?"

"कुत्रीच आहे. राखणीला बसवलंयस ना?"

सुटली. कशी सुटली ते तुम्हा दोघींनाच माहीत.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली, आणि रडली ती अशी की सिस्टरसुद्धा म्हणाल्या, आजीवर गेली. मोहन आला, कपड्यांना सिगरेटचा वास मारत होता. तू त्याला तोंड धुवायला लावलंस, हात धुवायला लावलेस, मग शर्ट काढायला लावलास. जावयाला बनियनवर उभं केलंस आणि मग त्याच्या हातात पोरगी दिलीस. तो तसाच उभा राहिला, रडायला लागला. सुजाता नाव ठेवलं. आता ती तिशीला आली. उंच झाली, तुझ्या-माझ्या डोक्यावरून गेली. मोहनने सिगरेट अजून सोडलेली नाही, पण घरात ओढत नाही. तिला कधी घुरघुर झाली नाही.

एवढं झाल्यावर माणूस स्वस्थ बसला असता. तू बसली नाहीस. रेशनच्या लायनीत, विहाराच्या दारात, कुणीही पोटुशी बाई दिसली की तू जवळ जाऊन विचारायचीस, "लावतेस का?" निम्म्या बायकांना कळायचं नाही. एक म्हणाली, "काय, पावडर?" दुसरी म्हणाली, "टिकली लावते की, ही काय." मी लाजेने दुसरीकडे बघायचे. तुला म्हणायचे, नीट वाक्य बोल, आधी मशेरी म्हण. तू म्हणायचीस, "मशेरी म्हटलं की खोटं बोलतात. अचानक इचारलं की खरं निघतं." ते मात्र खरं होतं.

मग विजयला बदलापूरला फ्लॅट झाला आणि तू गेलीस. मी महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. तुझ्या गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसायचो, समोर डोंगर, खाली नवी बांधकामं. बुवापाड्यात आपण कधी खुर्चीवर बसलो नव्हतो, त्यामुळे सुरुवातीला दोघींनाही बोलणं सुचायचं नाही. अशाच एका दुपारी तू विचारलंस.

"आक्का, पहिलं मी घालवलं का गं?"

मला लगेच कळलं कुठलं ते. तू नंदाच्या पहिल्या पोराबद्दल कधी नाव घेऊन बोलली नाहीस. त्याला नावच नव्हतं.

"मोहनचा धूर होता की," मी म्हटलं.

"धूर होता. पण तिला ती सवय मी लावली. शाळेत जायची तवापासनं. माझ्या डबीतनं."

"मला माहीत नाही, सरू."

"तुला सगळं माहीत असतं. हेच नाय व्हय?"

"डॉक्टरलाही माहीत नसेल. कुणालाच माहीत नसेल. मशेरी लावूनही पोरं झालीच की. तुझी पाच झाली."

"मग हो म्हण नायतर नाय म्हण. मधलं काय नको."

मी मधलंच धरून राहिले. पुढच्या खेपेला तू परत विचारलंस, त्याच्या पुढच्या खेपेलाही. कधी चिडून, कधी सहज, भाजी काय केलीस इतकं सहज. मी दर वेळी म्हणायचे, मला माहीत नाही. तू म्हणायचीस, चौथी शिकून काय उपयोग झाला तुझा? आणि आपण दुसऱ्या विषयावर जायचो. हे भांडण आपलं संपलं नाही. हे संपायच्या आधी तू गेलीस, आणि बाकीची सगळी भांडणं मी सोडून देईन, पण हे राहिलेलं मला पुरतं घेरून बसलंय. मला अजून त्या गॅलरीत यायचंय. खुर्ची टोचली तरी चालेल. तू विचार, मी नाही माहीत म्हणते, तू मला येडी म्हण. चालेल मला. मला तेवढंच पाहिजे.

परवा मी बदलापूरला थांबले होते, तुझे कपडे आवरायला. दुपारी सगळे पडले होते. नंदा माझ्याजवळ येऊन बसली. तुझी साडी घडी करत होती, उगीच परत उलगडत होती.

"मोठी आई, एक विचारू?"

"विचार."

"आईला कधी कळलं होतं का गं, की पहिल्याच्या वेळी मी तिकडं कॅम्प पाचला तिच्यापेक्षा जास्त लावत होते? सासूच्या डबीतनं चोरून. दिवसातनं कितीदा तरी. आईला मी कधी सांगितलं नाय. ती म्हणायची, धुरानं गेलं. मी हो म्हणायचे." तिने साडी मांडीवर दाबून धरली. "माझ्यामुळं गेलं का ते?"

सरू, इतकी वर्षं तुम्ही दोघी एकाच गोष्टीपायी आत आत जळत होतात, आणि एकमेकींना धूर म्हणून सांगत होतात. तू तिला माझ्यामुळे म्हणाली नाहीस, तिने तुला माझ्यामुळे म्हटलं नाही. दोघी माझ्याकडे आलात. मी काय तराजू घेऊन बसलेय?

पण नंदाला मी मधलं काही दिलं नाही. मी म्हटलं, "नाही." इतक्या जोरात म्हटलं की आतून विजय उठून आला, काय झालं म्हणून. मी परत म्हटलं, "नाही. तुझ्यामुळे नाही, तुझ्या आईमुळेही नाही. ते धुरानं गेलं. डॉक्टरीणबाईंनी मला स्वतःला सांगितलं होतं." डॉक्टरीणबाईंना मी त्या वेळी बघितलंही नव्हतं. मी तर तुझी पोरं सांभाळत घरी होते. नंदाने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तिने मानलं. मग तिने साडी सरळ केली, घडी घातली आणि भूक लागली म्हणाली. तू गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

तू ऐकलं असतंस तर उसळली असतीस. तिला एका दमात नाही म्हणालीस, मला का नाही? मला का गॅलरीत बसवून ठेवलंस?

कारण तुला सांगून चाललं नसतं, सरू. मी नाही म्हटल्याबरोबर तू माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस आणि म्हणाली असतीस, खोटं बोलतेस आक्का. अर्ध्या विटेपलीकडून एवढी वर्षं ऐकलंयस तू मला. नंदाला नाही कळलं. विजयला नाही कळलं. उद्या विहारातही कुणाला कळणार नाही. आता मी काहीही बोलले तरी लोक मानतील. माझं खोटं पकडणारं कुणी उरलं नाही.